घरच्या सौर यंत्रणेतील डीसी स्विच: निवड, जोडणी आणि रोजचा वापर

गच्चीवर सौर पॅनेल बसवायचे ठरले की आपण पॅनेल कोणत्या कंपनीचे, इन्व्हर्टरची वॉरंटी किती वर्षांची, अनुदान कधी जमा होणार, असे सगळे विचारतो. भिंतीवरच्या करड्या डब्यात बसवलेला स्विच कोणता आहे, हे मात्र सहसा कुणी विचारत नाही. प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना २०२४ साली सुरू झाली आणि ३ किलोवॅटच्या यंत्रणेला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले, तेव्हापासून ज्यांनी आयुष्यात कधी डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, वीज हाताळलेली नाही अशा असंख्य घरांत तीनशे-चारशे व्होल्ट डीसी येऊन पोहोचली आहे. हा लेख अशाच घरांसाठी आहे. यातील जोडणीचे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यायचे आहे. पण काय बसवले आहे हे ओळखणे आणि ते बरोबर वापरणे घरमालकाला आलेच पाहिजे.

सुरुवात एसी आणि डीसी यांच्यातील फरकापासून करावी लागते, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. महावितरणकडून येणारी घरातली वीज एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी असते. तिचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो, म्हणजेच सेकंदात १०० वेळा शून्यावर येतो. आपण खटका बंद करतो तेव्हा आतले दोन संपर्क एकमेकांपासून दूर होताना त्यांच्यामध्ये ठिणगी पडते, पण सेकंदाच्या पुढच्या शंभराव्या भागात प्रवाह शून्यावर आला की ती आपोआप विझते. पॅनेलकडून येणारा डीसी प्रवाह असा कधीच शून्यावर येत नाही. संपर्क दूर गेले तरी मधली तापलेली हवा वीज वाहू देते, ठिणगीची अखंड ज्योत होते, आणि तिचे तापमान इतके असते की तांबे वितळते व भोवतीचे प्लास्टिक जळू लागते. वेल्डिंग करताना जी ज्योत आपण पाहतो, तीच ही. म्हणून डीसीसाठी बनवलेल्या स्विचमध्ये संपर्क स्प्रिंगच्या जोराने फार वेगाने आणि जास्त अंतरावर दूर होतात, किंवा चुंबकाच्या साहाय्याने ज्योत धातूच्या पातळ पट्ट्यांमध्ये ढकलून तिचे तुकडे करून विझवली जाते. एसीच्या एमसीबीमध्येही पट्ट्या असतात, पण त्या शून्यावर येणारा प्रवाह गृहीत धरून बसवलेल्या असतात.

चिपळूणजवळ आमच्या एका नातेवाइकांच्या घरी मी असा डबा उघडलेला पाहिला आहे. सहा पॅनेलची यंत्रणा, सुमारे तीनशे व्होल्ट, आणि डब्यात बसवलेली वीस अँपिअरची साधी एसी एमसीबी. दोन वर्षे काहीच झाले नाही, कारण तिला चालू प्रवाह तोडण्याची वेळच आली नव्हती. एके दुपारी इन्व्हर्टरवर, म्हणजे पॅनेलच्या डीसीची एसी करणाऱ्या यंत्रावर, कसलीशी सूचना आली म्हणून घरच्या मुलाने ती एमसीबी थेट खाली ओढली. आतून फरफर असा आवाज आला आणि क्षणभर निळसर उजेड दिसला. वायरमनने ती काढून हातात दिली तेव्हा तिच्या एका कडेला अंगठ्याएवढा तपकिरी डाग होता, पांढरे प्लास्टिक मेणासारखे ओघळले होते आणि दोन दिवसांनंतरही जळका वास येत होता. मुलाचा हात वाचला, याचे समाधान मला आजही वाटते. बसवणाऱ्यांनी वाचवलेली रक्कम काही शे रुपयांचीच असणार.

पहिली पायरी: स्विचवर काय छापले आहे ते वाचा

डब्याचे पारदर्शक झाकण न उघडताही बहुतेक खुणा दिसतात. एमसीबीवर व्होल्टच्या आकड्यापुढे लाटेसारखी वळणदार रेघ असेल तर ती एसीची. सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असेल, किंवा स्पष्ट ‘डीसी’ लिहिलेले असेल, तर ती डीसीची. घरगुती एसी एमसीबीवर साधारणतः २४०/४१५ असे आकडे असतात; हे आकडे पॅनेलच्या बाजूच्या डब्यात दिसले तर दुसरे काही तपासण्याची गरज नाही, ती बदलून घ्यावी.

गोल फिरवायच्या मुठीचा जो स्विच असतो त्याला आयसोलेटर म्हणतात. त्यावर आयईसी ६०९४७-३ या मानकाचा उल्लेख असावा आणि वापराचा वर्ग लिहिलेला असावा. सौर पॅनेलसाठी डीसी-पीव्ही१ किंवा डीसी-पीव्ही२ हे वर्ग आहेत. पहिला साध्या एका स्ट्रिंगच्या, म्हणजे एकामागून एक जोडलेल्या पॅनेलच्या एकाच माळेच्या, यंत्रणेसाठी आणि दुसरा अनेक स्ट्रिंग समांतर जोडल्या असतील व बिघाडाच्या वेळी जास्त प्रवाह उलटा येऊ शकत असेल अशा ठिकाणासाठी. डीसी-२० असे काही लिहिलेले आढळले तर तो स्विच चालू प्रवाह तोडण्यासाठी नाहीच, फक्त प्रवाह नसताना वेगळे करण्यासाठी आहे.

दुसरी पायरी: व्होल्ट आणि अँपिअर स्वतः मोजून पाहा

हे गणित सोपे आहे आणि प्रत्येकाने एकदा करावे. पॅनेलच्या मागच्या लेबलवर दोन आकडे शोधा: ओपन सर्किट व्होल्टेज आणि शॉर्ट सर्किट करंट. ५४० वॅटच्या नेहमीच्या पॅनेलला हे आकडे साधारण ४९.५ व्होल्ट आणि १४ अँपिअरच्या आसपास असतात. अशी सहा पॅनेल एकामागून एक जोडली की व्होल्टेजची बेरीज होते, म्हणजे सुमारे ३०० व्होल्ट. अँपिअर मात्र तेवढेच राहतात. लेबलवरचा आकडा २५ अंश सेल्सिअसचा असतो, आणि पॅनेल जितके थंड तितके व्होल्टेज जास्त. नाशिकला किंवा निफाडला थंडीच्या सकाळी पारा १० अंशांवर किंवा त्याखाली उतरतो, तेव्हा दर अंशाला पाव टक्क्याहून थोडे अधिक या हिशेबाने व्होल्टेज चार-पाच टक्क्यांनी वाढते. सहा पॅनेलना ५०० व्होल्टचा स्विच पुरतो. दहा पॅनेलची स्ट्रिंग असेल तर ४९५ चे ५१५ च्या पुढे जातात आणि तोच स्विच अपुरा ठरतो.

अँपिअरसाठी शॉर्ट सर्किट करंटला १.२५ ने गुणावे. १४ चे १७.५ झाले. डबा उन्हाने तापतो आणि तापलेल्या स्विचची क्षमता कमी होते, म्हणून २५ किंवा ३२ अँपिअरचा घेणे शहाणपणाचे. येथे एक खाच आहे. आयसोलेटरच्या दर्शनी बाजूवर ठळकपणे ३२ छापलेले असले, तरी कडेला बारीक अक्षरांत एक तक्ता असतो. त्यात ५०० व्होल्टला इतके अँपिअर, १००० व्होल्टला त्याहून कितीतरी कमी अँपिअर, असे दिलेले असते. आपल्या व्होल्टेजसमोरचा आकडा हाच खरा.

पोलचेही तसेच. पोल म्हणजे एमसीबीतील तार तोडणारा एकेक स्वतंत्र भाग. बऱ्याच डीसी एमसीबींचा एक पोल सुमारे २५० व्होल्ट तोडू शकतो आणि दोन पोल मिळून ५००. चार पोल एकामागून एक जोडले की १०००. म्हणजे हा मोठा आकडा तेव्हाच लागू होतो, जेव्हा कंपनीच्या आकृतीप्रमाणे सगळे पोल प्रवाहाच्या वाटेत येतात. कुणी एक तार थेट पुढे नेऊन फक्त दुसरीच तोडली असेल तर पाचशेची एमसीबी अडीचशेचीच राहते. घरगुती यंत्रणेत अधिक आणि उणे या दोन्ही तारा एकाच वेळी तुटल्या पाहिजेत.

आणखी एक गैरसमज येथेच दूर करावा. एमसीबी बसवली म्हणजे शॉर्ट सर्किट झाल्यावर ती आपोआप पडेल, अशी आपली घरातल्या अनुभवावरून समजूत असते. पॅनेलच्या बाबतीत शॉर्ट सर्किटचा प्रवाह नेहमीच्या प्रवाहाहून जेमतेम पाच-सात टक्के जास्त असतो. एकाच स्ट्रिंगच्या यंत्रणेत १४ अँपिअरच्या फारसा वर प्रवाह जाऊच शकत नाही, मग २५ अँपिअरची एमसीबी पडणार कशी? तेथे ती केवळ हाताने बंद करायचा स्विच आहे, राखणदार नाही. म्हणून तारांचे आवरण, जोडण्या आणि आर्थिंग चांगले असणे एवढाच तेथे खरा बचाव असतो.

तिसरी पायरी: अधिक-उणेची दिशा तपासा

हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण येथे योग्य वस्तू आणूनही चूक होते. काही डीसी एमसीबींच्या टर्मिनलपाशी अधिक आणि उणे अशा खुणा असतात. अशा एमसीबीत ज्योत विझवण्यासाठी कायमचे चुंबक बसवलेले असते. प्रवाह ठरलेल्या दिशेने असेल तर चुंबक ज्योतीला पट्ट्यांकडे ढकलतो. प्रवाह उलटा असेल तर तोच चुंबक तिला विरुद्ध बाजूला, म्हणजे एमसीबीच्या नाजूक यंत्रणेकडे ढकलतो. रोज ती व्यवस्थित चालू राहते, आणि ज्या दिवशी भर दुपारी बंद करावी लागते त्या दिवशी पेट घेते. बाहेरून तारा लाल-काळ्या नीट दिसत असतात, त्यामुळे चूक लक्षातही येत नाही.

म्हणून खरेदी करतानाच दिशेचे बंधन नसलेली एमसीबी किंवा आयसोलेटर मागावा. विक्रेते त्याला नॉन-पोलराइज्ड म्हणतात. बॅटरी असलेल्या घरात तर याला पर्याय नाही. बॅटरी चार्ज होताना प्रवाह एका दिशेने आणि वापरताना दुसऱ्या दिशेने वाहतो. दिशेचे बंधन असलेला स्विच तेथे दिवसातला निम्मा वेळ उलटाच असतो.

चौथी पायरी: डब्याची जागा आणि जोडणी

ऑस्ट्रेलियात २०१२ च्या मानकाने छतावर पॅनेलशेजारी वेगळा डीसी आयसोलेटर बसवणे सक्तीचे केले होते. हेतू सुरक्षेचा होता. पण ऊन-पावसात उभ्या राहिलेल्या त्याच स्विचमध्ये पाणी शिरून आगी लागण्याच्या घटना वाढत गेल्या, आणि अखेर २०२१ च्या सुधारित मानकात ती सक्ती काढून टाकावी लागली. आपल्याकडे, विशेषतः कोकणात, घाटमाथ्यावर आणि गोव्यात, यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. शक्य असेल तर डबा जिन्याच्या छपराखाली किंवा सावलीच्या भिंतीवर, हात पोहोचेल अशा उंचीवर घ्यावा. तो आयपी६५ दर्जाचा, म्हणजे धूळ आणि पाण्याचा फवारा आत न येऊ देणारा असावा. तारा खालच्या बाजूनेच, योग्य मापाच्या ग्लँडमधून, म्हणजे तार घट्ट धरणाऱ्या बुचातून, आत गेल्या पाहिजेत. वरून भोक पाडलेले दिसले तर काम मान्य करू नका. तार डब्यात शिरण्याआधी थोडी खाली झोळ देऊन मग वर घेतली की पावसाचे पाणी त्या झोळावरून गळून पडते. न वापरलेली भोके बुचाने बंद करावीत. उबदार डब्यात मुंग्या वारूळ करतात आणि पाली आसरा घेतात. दोन टर्मिनलांवर आडवी आलेली पाल ही कल्पनेतली गोष्ट नाही.

सौर यंत्रणेची तार बारीक तारांच्या पुष्कळ पदरांची असते. ती टर्मिनलमध्ये तशीच कोंबली तर काही पदर बाहेर राहतात आणि उरलेल्यांवर भार येऊन तेथे उष्णता साठते. टोकाला तांब्याची बारीक नळी, म्हणजेच फेरूल, दाबून मग स्क्रू आवळला पाहिजे, आणि तोही कंपनीने सांगितलेल्या जोराने. आमच्या भागातील एक जाणता वायरमन प्रत्येक स्क्रू आवळून झाल्यावर त्यावर मार्करने एक रेघ ओढतो, म्हणजे पुढच्या वर्षी रेघ तुटलेली दिसली तर स्क्रू सैल झाल्याचे कळते. अशी माणसे शोधून काम द्यावे.

पॅनेलच्या तारा एकमेकांना जोडणारे एमसी४ जोड हे स्विच नव्हेत. ऊन असताना आणि प्रवाह चालू असताना ते ओढून काढले तर हातातच ज्योत पेटते. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे नर-मादी जोड एकमेकांत बसतात म्हणून बसवूही नयेत. डब्यातल्या फ्यूजच्या खोबणीचेही तेच. ती प्रवाह चालू असताना उघडायची नसते.

पाचवी पायरी: बंद करण्याचा क्रम पाठ करा

यंत्रणा बंद करायची असेल तर आधी एसी, मग डीसी. एसीडीबी नावाच्या डब्यातली, मीटरच्या बाजूची एमसीबी प्रथम बंद करावी. वीजपुरवठा दिसेनासा झाला की इन्व्हर्टर क्षणात थांबतो आणि पॅनेलकडून प्रवाह घेणे सोडतो. त्याच्या पडद्यावर शून्य वॅट किंवा पुरवठा नसल्याची सूचना दिसल्यावर मग इन्व्हर्टरखालचा आणि डीसीडीबीतला, म्हणजे पॅनेलच्या बाजूच्या डब्यातला, डीसी स्विच बंद करावा. आता तुटायला प्रवाहच उरलेला नसल्याने ज्योतीचा प्रश्न येत नाही. मूठ एका झटक्यात, मध्ये न थांबता फिरवावी. त्यानंतर इन्व्हर्टरवरच्या लेबलमध्ये दिलेला वेळ, बहुधा पाच ते दहा मिनिटे, थांबावे. आतल्या कपॅसिटरमध्ये तोवर वीज साठलेली असते. आयसोलेटरच्या मुठीला कुलूप लावण्याची सोय असते, तिचा उपयोग करावा, म्हणजे गच्चीवर माणूस काम करत असताना खाली कुणी चालू करणार नाही. पुन्हा चालू करताना इन्व्हर्टरच्या पुस्तिकेतला क्रम पाळावा.

सगळे स्विच बंद केल्यानंतरही पॅनेलपासून डीसी स्विचपर्यंतच्या तारांत पूर्ण व्होल्टेज असतेच. सूर्याला स्विच नाही. लाइट गेली म्हणजे गच्चीवरच्या तारा मेल्या, ही समजूत घातक आहे. उलट इन्व्हर्टर थांबला की त्या तारांचे व्होल्टेज चालू असतानापेक्षा वाढते. पॅनेलवर पातळ चादर टाकूनही ते पुरेसे उतरत नाही. घरातला निऑनचा टेस्टर येथे भरवशाचा नाही. दिवा लागला नाही म्हणून हात घालू नये. डीसी मोजणारा आणि त्या व्होल्टेजला योग्य असा मीटर जाणकाराच्या हातीच असावा.

डीसी डब्यातून जळका वास, चरचर आवाज किंवा धूर येत असेल तर क्रम तोच, पण अर्धाच: एसी बाजू बंद करावी आणि डीसी स्विचला हात न लावता दूर व्हावे. बिघडलेला स्विच उन्हात उघडण्यापेक्षा अंधार पडेपर्यंत थांबणे बरे. आग दिसली तर १०१ ला फोन करून घरावर सौर पॅनेल आहेत आणि तारांत अजून वीज आहे, हे आवर्जून सांगावे. पाणी ओतू नये. कोरड्या पावडरचा किंवा कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक वापरावा, तोही बाहेर पडायची वाट मोकळी असेल तरच.

बॅटरी आणि चेंजओव्हर असलेल्या घरांसाठी

४८ व्होल्टची बॅटरी हाताला झटका देत नाही, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. ३ किलोवॅटचा भार ४८ व्होल्टवर घेतला तर ६० अँपिअरहून अधिक प्रवाह वाहतो, आणि शॉर्ट सर्किट झाले तर बॅटरी हजारो अँपिअर देऊ शकते. पॅनेलच्या अगदी उलट स्थिती येथे आहे, म्हणून बॅटरीजवळच, शक्य तितक्या कमी अंतरावर, पुरेशा तोडक्षमतेचा डीसी फ्यूज किंवा ब्रेकर हवाच. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडते. त्याच बंद कपाटात ठिणगी पडू शकेल असा स्विच ठेवू नये, आणि खोली हवेशीर असावी.

जनरेटर किंवा वेगळा इन्व्हर्टर जोडलेला असेल तर फेज आणि न्यूट्रल दोन्ही एका पुरवठ्यावरून दुसऱ्यावर नेणारा चेंजओव्हर स्विच लागतो, ज्यात मधली बंद स्थिती असते. दोन एमसीबी शेजारी लावून ‘एक बंद केल्यावरच दुसरी चालू करायची’ असा तोंडी नियम पुरेसा नाही. तो विसरला गेला तर घरातली वीज उलटी तारांवर जाते, आणि खांबावर चढलेल्या लाइनमनला लाइन बंद आहे असेच वाटत असते. नुसत्या ग्रिडला जोडलेल्या सौर इन्व्हर्टरमध्ये पुरवठा जाताच आपोआप थांबण्याची सोय असते. जनरेटरमध्ये ती नसते.

वर्षातून दोनदा

पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर एकेकदा डब्याकडे नीट पाहावे. झाकणाच्या आतून बाष्प साचले आहे का, प्लास्टिक पिवळे किंवा ठिसूळ झाले आहे का, टर्मिनलपाशी तपकिरी छटा आहे का, हे बाहेरूनच दिसते. भर दुपारी, यंत्रणा पूर्ण जोरात असताना, डब्याच्या बंद झाकणाला हाताची मागची बाजू लावून पाहावी. आजूबाजूच्या भिंतीपेक्षा एखादी जागा ठळकपणे गरम लागली तर वायरमनला बोलवावे. फिरवायचा आयसोलेटर महिनोन्महिने एकाच स्थितीत राहिला की संपर्कांवर थर चढतो. म्हणून वर्षातून एक-दोनदा, अंधार पडल्यावर, तो चार-पाच वेळा बंद-चालू करावा. संपर्क एकमेकांवर घासून स्वच्छ होतात आणि त्या वेळी प्रवाह नसल्याने धोकाही नसतो.

काम ताब्यात घेताना प्रत्येक स्विचच्या छापील बाजूचा, कडेच्या तक्त्यासह, फोटो काढून ठेवावा, आणि डीसी डब्याजवळ मराठीत एक ठळक फलक लावून घ्यावा: ‘आधी एसी बंद, मग डीसी बंद. बंद केल्यावरही पॅनेलकडील तारांत वीज असते.’ त्याखाली बसवणाऱ्यांचा फोन क्रमांक आणि महावितरणचा १९१२ हा क्रमांक असावा. साध्या कागदावरची शाई एका उन्हाळ्यात उडते. कोरलेली प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची पट्टी करून ती डब्यावर नव्हे, शेजारच्या भिंतीवर स्क्रूने बसवावी, कारण डब्याला नवे भोक पाडले की पाण्याला नवी वाट मिळते.